वाफेवरची जत्रा चालती कशी ठेवतात: इंजिन, घोड्यांचा पाळणा आणि ऑर्गन यांची देखभाल

इंग्लंडच्या नॉरफक परगण्यात, फेकनहॅमजवळ, थर्सफर्ड नावाचे खेडे आहे. भंगारात निघालेले रोडरोलर आणि ट्रॅक्शन इंजिने (रस्त्यावरून ओझे ओढणारी वाफेची इंजिने) जॉर्ज कुशिंग यांनी तिथे एकेक करून जमवली आणि त्यातून आजचे थर्सफर्ड कलेक्शन उभे राहिले. किंग्ज लिन इथल्या सॅव्हेज कारखान्यात १८८९ साली बनलेला गंडोलांचा, म्हणजे नावेच्या आकाराच्या गाड्यांचा, पाळणा तिथे आहे, थेटफर्डच्या बरेल कंपनीची जत्रेतली इंजिने आहेत आणि लीड्सच्या एका चित्रपटगृहातून आणलेला वुर्लिट्झर ऑर्गनही (हवेच्या पाइपांनी वाजणारे मोठे वाद्य) आहे. दक्षिणेला लिपहुकजवळ हॉलीकोम इथे जॉन बाल्डॉक यांच्या संग्रहातून उभी राहिलेली जुनी जत्रा तर आजही खऱ्या वाफेवर फिरते.

अशा ठिकाणी कामाला माणसे बहुतेक स्वयंसेवक असतात, आणि ब्रिटनमधल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना यंत्रांची ओढ आहे त्यांना हे दार उघडे असते. पुढे दिलेली कामे तिथली आहेत, पण नियम आपल्याकडच्या जुन्या बॉयलरलाही तेच लागू पडतात. सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. ही यंत्रे नीट चालवल्याने फारशी झिजत नाहीत. घाईने तापवणे, घाईने थंड करणे आणि ओल-कोरड यांतला झटका, या तीन गोष्टी त्यांना खातात. बॉयलरची प्लेट, पाळण्यातला लाकडी घोडा आणि ऑर्गनमधले चामडे, तिघांचे दुखणे एकच.

कायद्याचे आधी. ब्रिटनमध्ये बॉयलरची लेखी तपासणी योजना असावी लागते. सक्षम तपासनीस बॉयलर थंड असताना आतून-बाहेरून पाहतो आणि मग वाफ चढवून पुन्हा पाहतो. त्याच्या दाखल्याशिवाय विमा नाही आणि विम्याशिवाय वाफ नाही. महाराष्ट्रात १९२३ च्या बॉयलर कायद्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. इथे बाष्पके संचालनालयाकडे नोंदणी आणि प्रमाणपत्रधारक बॉयलर अटेंडंट लागतो. हा लेख वाचून कोणी एकट्याने आग पेटवू नये. अनुभवी माणसाच्या हाताखाली किमान एक पूर्ण हंगाम काढावा.

आग पेटवण्यापूर्वी

जत्रेच्या इंजिनाचा बॉयलर रेल्वे इंजिनासारखाच असतो: मागे फायरबॉक्स, म्हणजे आगीची पेटी, मधे पाण्यात बुडालेल्या नळ्या, पुढे धूरपेटी आणि धुराडे. कामाचा दाब साधारण १५० ते २०० पौंड प्रति चौरस इंच. इतक्या दाबाला पाणी १९० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, म्हणून निष्काळजीपणाला इथे जागा नाही.

पहिले काम पाण्याचे. बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचनळीत पाणी एक तृतीयांश ते अर्धे दिसले पाहिजे. थंडपणी काच काठोकाठ भरू नका, कारण तापल्यावर पाणी फुगते आणि पातळी आपोआप चढते. काचेवर विसंबून न राहता खालची निचऱ्याची तोटी उघडा, पाणी वाहून गेल्यावर बंद करा आणि पातळी झटकन परत येते का ते पाहा. सावकाश चढली तर वाट गाळाने बुजली आहे. तसे असेल तर आग पेटवू नका.

मग फायरबॉक्समध्ये टॉर्च घेऊन वाका. छताच्या मध्यभागी फ्यूजिबल प्लग असतो, म्हणजे आत शिसे भरलेला पितळी बोल्ट. पाणी कमी होऊन छत उघडे पडले की शिसे वितळते, वाफ आगीवर येते आणि गडबड झाल्याचे कळते. प्लगभोवती पांढरट किंवा हिरवट ओघळ दिसला तर तो झिरपतो आहे. नळ्या बसवलेल्या प्लेटेवर (ट्यूबप्लेट) त्यांच्या तोंडाशी आणि प्लेटांना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या स्टे-बोल्टच्या डोक्यांशीही असे ओघळ शोधा. थंड बॉयलरवरचा सुकलेला ओघळ म्हणजे मागच्या वेळच्या घाईची खूण.

नळ्यांतून ब्रश फिरवा, धूरपेटीतली काजळी आणि राखपेटीतली राख काढा. राख भरून राहिली की जाळीखालून हवा मिळत नाही, आणि अतितापाने जाळीच्या सळया वाकतात. रेग्युलेटर (इंजिनाला वाफ सोडणारी झडप) बंद, उलटसुलट फिरवायचा दांडा मधोमध, सिलिंडरचे निचरा-कॉक उघडे, हातब्रेक ओढलेला, चाकांना अडण्या आणि गिअर सोडवलेला, हे सगळे हात लावून पाहा. धुराड्यावरचे झाकण काढले का, तेही पाहा. ते विसरून आग पेटवली की सगळा धूर फायरबॉक्सच्या दारातून तोंडावर येतो.

वाफ चढवणे

जाळीवर कोळशाचा पातळ थर, त्यावर वाळलेले लाकूड आणि तेलात भिजवलेली चिंधी. पेट्रोल अजिबात नाही. लाकूड धडाडून पेटले की थोडा थोडा कोळसा टाकत जा. पहिल्या तासात घाई करायची नाही. तापण्याच्या वेळी फायरबॉक्सच्या वरचे पाणी लवकर गरम होते, पण तळाचे आणि फायरबॉक्सच्या दुहेरी भिंतींमधले खालचे पाणी बराच वेळ थंड राहते. त्या फरकाने प्लेटा एकमेकींवर ओढल्या जातात, आणि त्यामुळेच त्या भिंती तळाशी जोडणाऱ्या रिंगला आणि नळ्यांच्या तोंडांना गळती सुरू होते. पूर्ण थंड इंजिन असेल तर किमान तीन-चार तास द्या. आदल्या संध्याकाळी छोटी आग लावून बॉयलर कोमट करून ठेवणे त्याहून उत्तम. सकाळी दहाला लोक येणार असतील तर सहाला आग पेटलेली हवी.

सुमारे २० पौंड दाब आल्यावर ब्लोअर थोडासा उघडता येतो. तो धुराड्यात वाफेची धार सोडून हवा ओढून घेतो. त्याआधी नैसर्गिक ओढीवरच काम भागवा.

३० ते ४० पौंडांवर काचनळीची खरी परीक्षा घ्या. काचेवरचे संरक्षक कवच जागेवर आहे याची खात्री करा. निचऱ्याची तोटी उघडा. खालची पाण्याची तोटी बंद करा: फक्त वाफ बाहेर आली पाहिजे. आता पाण्याची उघडून वरची वाफेची बंद करा: फक्त पाणी आले पाहिजे. मग दोन्ही उघडा, निचरा बंद करा, पाणी उसळून जागेवर यायला हवे. खालची वाट अर्धवट बुजली असेल तर वरून थंड होऊन ठिबकणारी वाफ काचेत साचते आणि काच खऱ्यापेक्षा जास्त पाणी दाखवते. या खोट्या पातळीवर विश्वास ठेवणे फार धोक्याचे आहे.

पाणी भरण्याची दोन साधने असतात: इंजेक्टर, म्हणजे वाफेच्या झोताने बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे साधन, आणि इंजिनावर चालणारा पंप. हलण्याआधी इंजेक्टर चालू करून पाहा. आधी पाण्याची तोटी, मग वाफेची पूर्ण उघडायची, आणि ओव्हरफ्लोतून पडणारे पाणी थांबेपर्यंत पाण्याची तोटी किंचित मागे-पुढे करायची. इंजेक्टर पकडत नसेल तर तीन कारणे आधी पाहा. टाकीतले पाणी फार गरम झाले आहे का, कारण हाताला चटका देणारे पाणी इंजेक्टर उचलत नाही. चोखणाऱ्या नळीच्या जोडावर हवा शिरते आहे का. आतल्या शंकूंवर क्षार जमला आहे का. इंजेक्टरच तापला असेल तर त्यावर ओले पोते टाका, तो सुधारतो. दोन्हींपैकी एकच साधन चालत असेल तर त्या दिवशी इंजिन हलवायचे नाही.

तेल

वाफेच्या इंजिनाला एकच तेल चालत नाही. सिलिंडरसाठी जाड काळपट सिलिंडर ऑइल लागते. त्यात चरबी मिसळलेली असते म्हणून ओल्या वाफेतही ते धातूला धरून राहते. बेअरिंगसाठी वेगळे, मध्यम जाडीचे खनिज तेल. मोटारीचे डिटर्जंट तेल सिलिंडरमध्ये घातले की पाण्याशी मिसळून फेसाळ चिखल होतो. बेअरिंगच्या तेलपेट्यांत लोकरीच्या वाती असतात. त्या तेल वर ओढून नळीतून खाली सोडतात. दिवसाचे काम संपले की वाती वर काढून ठेवा, नाहीतर रात्रभर तेल ठिबकत राहते आणि सकाळी पेटी रिकामी सापडते. गिअर, मागचा आस आणि स्टिअरिंगची साखळी यांना ग्रीस. तेल घालताना प्रत्येक जागी हात फिरवला की सैल नट, निघालेली कॉटर पिन आणि चिरलेला पाइप आपोआप सापडतो. तेल घालायला म्हणूनच तासभर काढून ठेवावा.

पहिली हालचाल

थंड सिलिंडरमध्ये वाफ शिरली की तिचे लगेच पाणी होते. पाणी दाबले जात नाही. पिस्टनने ते आवरणावर ढकलले की सिलिंडरचे झाकण तडकते किंवा पिस्टनरॉड वाकतो. म्हणून निचरा-कॉक उघडे ठेवून रेग्युलेटर केसभर उघडा, इंजिन थोडे पुढे, थोडे मागे असे हळूहळू हलवा. कॉकमधून पाणी येणे थांबून कोरडी वाफ यायला लागली की मग कॉक बंद करा.

चढ-उतार लक्षात ठेवा. फायरबॉक्स मागच्या टोकाला असतो. इंजिनाचे तोंड उताराकडे झाले की पाणी पुढे सरकते आणि फायरबॉक्सचे छत उघडे पडू शकते. उतारावर जाण्याआधी पाणी वाढवून घ्या आणि तिथे रेंगाळू नका.

कोळसा थोडा आणि वारंवार. आगीची जाडी चार ते सहा इंच पुरते. एकदम फावडेभर ढिगारा टाकला की आग दबते, काळा धूर निघतो आणि दाब उतरतो. मग ब्लोअर मोठा करावा लागतो आणि थंड हवा नळ्यांच्या तोंडांवर आदळते. सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा फुरफुरत असेल तर आग गरजेपेक्षा मोठी आहे. वेल्समधली फोस-इ-फ्रान ही कोळशाची उघडी खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली. त्यानंतर ब्रिटनमधल्या अशा इंजिनांना आयात कोळसा किंवा दाबून केलेल्या गोळ्या वापराव्या लागतात. कोळसा बदलला की हवेची झडप आणि आगीची जाडी पुन्हा जुळवून घ्यावी लागते. पहिल्या दिवशी तेच प्रमाण ठेवून चालत नाही.

डायनॅमो बसवलेल्या इंजिनावर ११० व्होल्ट डीसी मिळतो. फ्लायव्हीलवरून डायनॅमोकडे पट्टा जातो. हा पट्टा इंजिन थांबवूनच चढवायचा. फिरत्या फ्लायव्हीलवर हाताने पट्टा चढवणे ही जुनी सवय मोडायलाच हवी. डीसी स्विच भार असताना उघडला की ठिणगी लांब ओढली जाते, म्हणून आधी दिवे कमी करा.

घोड्यांचा पाळणा

ब्रिटिश गॅलोपर्स, म्हणजे घोड्यांचे पाळणे, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, कारण घोड्यावर डाव्या बाजूने चढायचे असते आणि ही बाजू बाहेरच्या कडेला येते. युरोपात आणि अमेरिकेत बहुधा उलटी दिशा असते. मधल्या ट्रकवर इंजिन बसवलेले असते. त्याचे धुराडे मधल्या पोकळ खांबातून वर जाते. खांबाच्या डोक्यावर फिरणारी चौकट, तिच्यातून बाहेर गेलेले लाकडी बाहू, प्रत्येक बाहूवर वाकडी क्रँक आणि क्रँकला पितळी आवरणाच्या पीळदार दांड्याने लटकलेले घोडे. क्रँक फिरते म्हणून घोडा वर-खाली होतो. बहुधा तीन-तीन घोड्यांच्या दहा ओळी असतात, म्हणजे ३० घोडे. प्रत्येकाच्या मानेवर त्याचे नाव रंगवलेले असते.

सगळे काही मधला ट्रक सपाट असण्यावर अवलंबून आहे. चाकांखाली कठीण लाकडाच्या फळ्या टाकून तो पाण्याच्या पातळीपट्टीने चारही बाजूंनी सपाट करा. जमीन मऊ असेल तर पहिल्या दोन-तीन भरलेल्या फेऱ्यांनंतर फळ्या बसतात, आणि पाऊस पडला की पुन्हा बसतात. तेव्हा मधेच थांबून पातळी तपासा. ट्रक तिरका झाला की गिअर घरघर करायला लागतो आणि त्याच्या दातांची एकाच बाजूला झीज होते. फिरणाऱ्याला हे जाणवत नाही, ट्रकवर उभ्या माणसाने कान द्यावा.

रोज सकाळी प्रवासी येण्याआधी वर चढून प्रत्येक बाहूची पिन आणि तिची अडकण पाहा, प्रत्येक दांड्याचे खालचे टोक सॉकेटमध्ये आहे का पाहा, पायफळ्या दाबून पाहा. मग तीन फेऱ्या रिकाम्या फिरवा. ब्रिटनमध्ये या पाळण्यांची दरवर्षी स्वतंत्र तपासणी होते आणि रोजची तपासणी चालक वहीत नोंदवतो. ओतीव आणि घडीव भागांत केसाएवढी भेग डोळ्याला दिसत नाही. भेगेत शिरणारा रंगीत द्रव किंवा चुंबकीय पूड वापरून ती उघडी करावी लागते, आणि त्यासाठी त्या जागेवरचा रंग आधी उतरवावा लागतो. जुना सुंदर रंग वाचवण्यासाठी ही तपासणी टाळू नये.

माणसे कमी असतील तर त्यांना समोरासमोर बसवा. सगळे एकाच बाजूला बसले की मधल्या खांबावर ओढ येते. थांबवताना रेग्युलेटर आधी बंद करा, फिरण्याचा वेग आपसूक उतरू द्या, आणि मग हलका ब्रेक. जोराने ब्रेक लावला की प्रवासी हेलपाटतात आणि क्रँकवर उलटा धक्का बसतो.

लाकडी घोड्यांच्या दुरुस्तीत एक चूक सर्रास होते. जोड उघडला की त्यात पॉलिस्टर फिलर भरतात. लाकूड आकसते-फुगते, फिलर हलत नाही, आणि शेजारी दुसरी भेग पडते. जोड पूर्ण मोकळा करून लाकडाची पट्टी बसवणे हाच उपाय. रंग घासण्याआधी एखाद्या लपलेल्या जागी, पोटाखाली किंवा खोगिराच्या मागे, एक छोटी खिडकी करून थर एकेक उघडा. खालचा मूळ रंग आणि सोन्याचा वर्ख तिथे बहुधा सापडतो, आणि त्याची रंगछटा नोंदवून ठेवता येते.

ऑर्गन

जत्रेचे ऑर्गन इंजिनापेक्षा नाजूक असतात, आणि चालू असताना इंजिनाचा धूर, राख आणि उन्हाचा मारा सगळ्यांत जास्त त्यांनाच बसतो. म्हणून जागा निवडताना आधी वारा पाहा. ऑर्गनची पाठ वाऱ्याकडे, तोंड पाळण्याकडे, आणि इंजिनाचे धुराडे वारा येतो त्या बाजूला कधीच नको.

पॅरिसच्या गॅव्हिओली आणि मारेंगी यांसारख्या कारागिरांच्या ऑर्गनमध्ये संगीत पुठ्ठ्याच्या पुस्तकात छिद्रांच्या रूपाने कोरलेले असते. पुस्तक घडीघडीने पुढे सरकते. धातूच्या कळा पुठ्ठ्यावर दाबलेल्या राहतात, छिद्र आले की कळ वर उठते, त्यामुळे हवेची वाट मोकळी होते आणि त्या स्वराचा पाइप वाजतो. ८९ कळांचा गॅव्हिओली हा यातला मोठा प्रकार. हवा पुरवणारे भाते इंजिनाच्या पट्ट्यावर किंवा आता बहुधा विजेच्या मोटरवर चालतात. हवेचा दाब पाण्याच्या नळीने मोजतात, साधारण सहा ते दहा इंच पाणी.

वाजवण्याआधी पुस्तक न घालता नुसता भाता चालवा. एखादा स्वर आपोआप वाजत राहिला तर त्या कळेखाली किंवा झडपेच्या चामड्यावर कचरा आहे, किंवा लाकूड फुगून कळ अडकली आहे. मऊ ब्रशने झाडा, कळ बोटाने हलवा. तेल टाकू नका, ते धूळ धरते आणि पुढच्या वेळी दुप्पट अडकते. सगळेच स्वर कमकुवत असतील तर गळती शोधा. ओला हात भात्याच्या शिवणींवर आणि हवेच्या पेटीच्या जोडांवर फिरवा, गार झुळूक लागते तिथे गळती आहे. पातळ चामड्याचा तुकडा गरम सरसाने चिकटवला की काम होते, आणि गरज पडली तर तो पुन्हा काढताही येतो. चिकटपट्टी आणि फेव्हिकॉल टाळा. सगळी दुरुस्ती उलटवता आली पाहिजे.

सुरावटीबाबत पेटी वाजवणाऱ्यांना हे लगेच पटेल: शीळपाइपांचा (शिट्टीसारखे वाजणाऱ्या पाइपांचा) सूर तापमानासोबत चढतो, दर अंशाला साधारण तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), तर पत्ती असलेले पाइप फारसे हलत नाहीत. दुपारी तापलेल्या ऑर्गनमध्ये पत्त्या खालच्या वाटतात आणि हात शिवशिवतो. त्या वेळी शीळपाइपांना हात लावू नका. सकाळच्या स्थिर तापमानात, सगळे दरवाजे बंद ठेवून, एका ठरावीक पाइपावरून सूर लावा आणि पाइप हातात धरून ठेवू नका, हाताच्या उबेनेही तो चढतो.

पुस्तके काठावर उभी ठेवा, आडवी चळत लावली की पुठ्ठा वाकतो. पुस्तकांच्या आणि ऑर्गनच्या खोलीत आर्द्रता ४५ ते ६० टक्के ठेवली की लाकूड, चामडे आणि पुठ्ठा तिघेही शांत राहतात. ती महिनोन्‌महिने एकसारखी असणे, कमी असण्याइतकेच महत्त्वाचे. हीटर लावून एका दिवसात खोली सुकवली की पेटीच्या फळ्यांना भेगा पडतात.

संध्याकाळ आणि हंगामाचा शेवट

दिवस संपत आला की आग मुद्दाम कमी होऊ द्या. पाणी काचेच्या वरच्या टोकाजवळ भरा, म्हणजे थंड झाल्यावर पातळी सुरक्षित राहील. आग एकदम ओढून बाहेर टाकू नका, थंड पाणीही टाकू नका. हवेची झडप आणि धुराड्याचे झाकण लावून बॉयलर आपल्या गतीने थंड होऊ द्या.

दहा-बारा दिवसांच्या वापरानंतर धुणे लागते. बॉयलर पूर्ण थंड झाल्यावरच पाणी सोडा. गरम असताना सोडले तर चिखल प्लेटेवर विटेसारखा भाजून बसतो. साफसफाईची दारे काढून वरून जोरदार पाण्याचा झोत मारा, शेवटी तळाच्या रिंगजवळचा गाळ सळईने काढा. दारांना नवी पॅकिंग घालून बंद करा. पहिल्या वाफेला ती हलकीच कसली तर चालते, पण दाबाखाली ठोकायची नाहीत. पाण्यावर उपचार करताना सामू ११ च्या आसपास ठेवला की गंज आणि क्षार दोन्ही आटोक्यात राहतात.

हिवाळ्यात तिथे पाणी गोठून इंजेक्टर, पंप आणि नळ्या फुटतात, म्हणून सगळे निचरे उघडून पाणी काढावे लागते. आपल्याकडे त्या जागी पावसाळा आहे. १९०७ च्या माथेरान रेल्वेसारखी, किंवा कारखान्याच्या आवारात उभी केलेली इंजिने, अजिबात चालत नसली तरी त्यांना सांभाळण्याची पद्धत हीच. राखपेटी आणि धूरपेटी कोरून रिकामी करा. काजळीतले गंधक ओलीशी मिळून आम्ल होते आणि तळ सडवते. धुराड्यावर टोपी घाला, नाहीतर पावसाचे पाणी थेट ट्यूबप्लेटवर येते. बॉयलरभोवतीचे आवरण काढून घ्या, त्याखाली ओल धरून राहते आणि बाहेरून रंग शाबूत दिसत असताना प्लेट पातळ होते. आत अर्ध्याच भरलेल्या पत्र्याच्या तसराळ्यात चुनकळी ठेवा आणि धुण्याची दारे घट्ट बंद करा. ओल शोषताना ती फुगते, म्हणून काठोकाठ भरू नका, आणि पूर्ण पूड झाली की बदला. प्लेटेची जाडी अल्ट्रासोनिक मापकाने वर्षातून एकदा मोजून त्याच खुणेजवळ आकडा लिहा. आणि शक्य असेल तर इंजिन थोडे ढकलून चाके नव्या जागी टेकवा, म्हणजे बेअरिंगवर भार रोज त्याच एका बिंदूवर राहत नाही आणि आतले तेलही फिरते.